झाकणाच्या आतले थेंब

"आमच्या वर्गातल्या एमिलीचा देव आणि लेनाचा देव एकच ना, आजोबा?" बूट घालताघालता मिताली थांबली. "मग अमेरिकेची एमिली डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना का करते? लेना म्हणते, जर्मनीत त्यांच्या घरचं चर्चला कोणी जातच नाही."

मोरेश्वर दारातल्या स्टुलावर बसले. सांगलीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. मुलांचा प्रश्न आला की बाकीची कामं थांबत. जपानमधल्या फुनाबोरीच्या या इमारतीतही सगळे त्यांना 'सेन्सेई' म्हणजे गुरुजीच म्हणत. खालच्या मजल्यावर किकुची-सानकडे, म्हणजे किकुचीबाईंकडे, समाचाराला जायचं होतं, इथल्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाच्या घरी द्यायचा, सुनेनं, मेधानं, दिलेला उदबत्तीचा पुडा खिशात होता. पण प्रश्न आधी.

युरोपात राजाचा जो पंथ तोच बहुधा रयतेचा, त्यांनी सांगितलं. चर्च सरकारी कचेरीसारखं झालं. लोक आले काय, न आले काय, चालायचंच. अमेरिकेत पंथ अनेक आणि सरकारचा एकही नाही, तेव्हा प्रत्येक चर्चला माणसं धरून ठेवावी लागली. परक्या गावात आलेल्याला शेजार तिथंच मिळे. शिवाय आजारपण, म्हातारपण यांची काळजी युरोपात सरकार जास्त घेतं. निदान काही अभ्यासक तरी असं म्हणतात.

"म्हणजे भीती वाटली की देव लागतो?"

"पुष्कळांना."

"तुम्हाला नाही लागला. भूकंपात तुम्ही नुसतं 'गॅस बंद करा, गॅस बंद करा' म्हणत होता."

मोरेश्वर हसले. उत्तर नीट जमलं, असं त्यांना वाटलं.

किकुची-सानची आई उत्तरेला, समुद्रकाठच्या गावात राहायची. मार्चमधल्या भूकंपानंतर त्सुनामीची लाट आली त्या दिवसापासून तिचा पत्ता नव्हता. आता एप्रिल संपत आला होता; काय झालं असेल ते सारी इमारत मनातल्या मनात समजून चुकली होती.

किकुची-साननी आत बोलावलं. टेबलावर दोन पानं मांडलेली. एका पानापुढची खुर्ची रिकामी, आणि तरी तिथं सूप, चॉपस्टिक्स, झाकण घातलेला गरम भाताचा वाडगा. पुडा काढायला खिशात गेलेला मोरेश्वरांचा हात तिथंच राहिला.

मितालीनं जपानीत विचारून घेतलं आणि मराठीत सांगितलं, "घरापासून लांब असलेल्या माणसासाठी वाढतात. तिकडे उपाशी राहू नये म्हणून."

तुमच्या धर्मात असं आहे का, असं मोरेश्वरांनी मितालीकरवी विचारलं. किकुची-साननी हात हलवला. छे, आमचा कसला धर्म. मग त्यांनी जपून झाकण उचललं आणि उलटं करून दोघांपुढं धरलं. आत थेंबच थेंब.

"थेंब धरले की ते माणूस सुखरूप असतं, म्हणतात," मितालीनं सांगितलं, आणि आवाज उतरवून पुढे म्हणाली, "पण आजोबा, ती तर वाफ..."

गेल्याच आठवड्यात किटलीवर ताटली धरून त्यांनीच तिला ते दाखवलं होतं.

किकुची-सान मराठी शब्द कळत नसतानाही मोरेश्वरांच्या तोंडाकडे बघत होत्या. "सेन्सेई?" त्यांनी विचारलं.

मुलांसमोर चुकीचं उत्तर मोरेश्वरांनी कधी दिलं नव्हतं.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "पुष्कळ थेंब आहेत म्हणावं."

मितालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग जपानीत तेवढंच सांगितलं. किकुची-साननी वाकून नमस्कार केला आणि भात निवायच्या आत झाकण दोन्ही हातांनी परत ठेवलं.

घरी येऊन मोरेश्वरांनी पुडा मेधाच्या हातात दिला. मुठीत आवळून आवळून आतल्या काड्या मोडल्या होत्या.