राहणारी व्यक्ती

वकिलाकडून आलेलं पाकीट पुष्करने वीणापुढे सरकवलं. "खुणा केल्यात तिथे दोन सह्या कर. शुक्रवारी एक्स्चेंज आहे, करार पक्का होणार."

पुण्यात सात वर्षं बँकेत काढलेली वीणा न वाचता सही करणारी नव्हती. ती वाचायला बसली. पहिला कागद म्हणत होता, इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या या घरासाठी ती देणार असलेलं डिपॉझिट ही निव्वळ भेट आहे, घरावर तिचा कसलाही हक्क राहणार नाही. दुसऱ्यावर तिच्या नावापुढे छापलं होतं, 'घरात राहणारी प्रौढ व्यक्ती'. हप्ते थकून बँकेने घर ताब्यात घेतलं तर या व्यक्तीने मुकाट बाहेर पडायचं. मालक दोघं. पुष्कर, आणि त्याचा इल्फर्डला राहणारा थोरला भाऊ अनुप.

भेट म्हणे! वाकडचा फ्लॅट तिने लग्नाआधी स्वतःच्या पगारावर घेतला होता. तो विकून हे डिपॉझिट उभं राहिलं होतं. पैसे अजून तिच्याच खात्यात होते.

"अनुपदादांचं नाव कुठून आलं?"

"अगं, तू डिपेंडंट व्हिसावर, तुला जॉब नाही. दादाकडे ब्रिटिश पासपोर्ट, चांगला पगार. त्याच्यामुळे मॉर्गेज पटकन झालं."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"आपल्या आपल्यात कसले गं कागद?"

"मग हे कुणासाठी छापलेत?" तिने दोन्ही कागद त्याच्या अंगावर भिरकावले.

दुसऱ्या दिवशी अनुप समजूत घालायला आला. "वीणा, घरच्यांवर असा संशय घ्यायचा नसतो."

"यात तुमचा एक पैसा नाही दादा, आणि तुम्ही मालक. माझं सगळं जाणार, आणि मी नुसती राहणारी! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर वारस म्हणून सुचेतावहिनी माझ्या तोंडाकडे बघतील की कागदाकडे?"

चहा तसाच टाकून अनुप उठला.

वीणाने वकिलाच्या ऑफिसला फोन लावला. तिथली सारा शांतपणे म्हणाली, "आम्ही घर घेणाऱ्यांचे वकील आहोत, तुमचे नाही. सही करण्याआधी तुम्ही तुमचा वेगळा वकील गाठा. हे आम्ही तुमच्या मिस्टरांना दोनदा लिहिलंय."

दोनदा! वीणाने फोन ठेवला आणि पुष्करला एका ओळीचा मेसेज केला, पैसे येणार नाहीत.

शुक्रवार गेला. सोमवारी एजंटने कळवलं, घर दुसऱ्या कुणाला दिलं.

"गेलं घर," पुष्कर म्हणाला. "झालं समाधान?"

"नाही!" ती ओरडली. "मला हवं होतं ते घर. मागच्या खोलीत कपाट कुठे ठेवायचं हेसुद्धा मी ठरवलं होतं. तू ते माझ्याच पैशांनी घेऊन मलाच त्यात पाहुणी करत होतास!"

त्यानंतर कित्येक दिवस दोघं कामापुरतं बोलत.

दोन महिन्यांनी वीणाला बेसिंगस्टोकच्या एका कंपनीत पेरोलचं काम लागलं. पगाराच्या पेस्लिपा जमल्यावर पुष्करनेच मॉर्गेजचा नवा फॉर्म आणला. घर लहान होतं, एका बेडरूमचं. अर्जदार दोघं, पहिलं नाव तिचं.

"दादाला सांगून टाकलंय, या वेळी त्याचं नाव नाही," तो म्हणाला. "अजून रागावलीयेस?"

"हो," वीणा म्हणाली, आणि तिने सही केली.