दादाचं गाऱ्हाणं

“नारळ हय दी. गाऱ्हाणा मीच घालतलंय,” देवळाच्या पायरीवर दादा मला म्हणाला.

“तुका दम खंय पुरतलो? यंदा मी घालतंय, तू गुमान बस.”

“माझ्या चेडवाचा लगीन,” एवढं बोलून तो धापा टाकत राहिला. “बापसान नाय घालूचा, तर कोणी?”

हट्टीपणात माझ्या थोरल्या भावाचा, सत्यवानाचा, हात धरणारा कुणी नाही. विशीतच त्याची कंबर धरली. पुढे मणके एकमेकांना चिकटत गेले आणि पाठ कोयत्यासारखी वाकली. मग फुफ्फुसांवर चट्टे दिसले, तर एका डॉक्टरने क्षय समजून महिनोन्महिने गोळ्या चारल्या. शेवटी गोव्यात कळलं, हे चट्टेही पाठीच्याच दुखण्याचे. बरगड्याही आखडल्यात, छाती आता फुलायची नाही. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. मेलं ते नाव एका दमात म्हणणंही दादाला जमत नाही.

आणि गाऱ्हाणं म्हणजे सगळा दमाचा खेळ. एकाने देवाला सांगायचं, वाक्य संपलं की बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गावाची गाऱ्हाणी दादाच घालायचा, आवाज खाडीपलीकडे जायचा.

तो गाभाऱ्यासमोर उभा राहिला. मान वर होत नाही, त्यामुळे देव काही त्याला दिसत नव्हता, नुसता उंबरठा दिसत होता.

“बा देवा म्हाराजा, आज माझी अक्षया परक्या घराक जाता. तिचो...”

श्वास संपला. छाती हलेना, पोट तेवढं वरखाली होत होतं. व्याही एकमेकांकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात बायकांतून सीतावहिनी म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

वाक्य अर्धंच होतं. पण आम्ही सगळे तिच्यामागून म्हणालो, “व्हय म्हाराजा.” तोवर दादाने श्वास ओढून घेतला.

“...संवसार सुखाचो कर.”

तो अडला की वहिनी म्हणायची आणि आम्ही तिच्यामागून. व्याह्यांना वाटलं, आमच्या गावची रीतच अशी. गाऱ्हाणं पुरं झालं. नारळ ठेवताना दादाचे डोळे भरले होते, माझेही.

लग्नानंतर तो घराबाहेर पडला नाही. आडवं झालं की घुसमटतो, म्हणून बसूनच झोपतो. बोलताना मध्येच थांबला की वहिनी घरीही हळूच म्हणते, “व्हय म्हाराजा.” दोघं हसतात.

काल मी गेलो तेव्हा ती मागीलदारी बांगडे साफ करत होती. दादा खांबाला टेकून बसला होता.

“सीता, मी गेल्यार तू...” म्हणून तो थांबला आणि श्वास शोधू लागला.

मी वहिनीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बांगडे धूत राहिली. ‘व्हय’ काही ती म्हणाली नाही.