आवाज बंद केलेलं गाणं

आमच्या पाग बेटावर दगडांतून गवत उगवत नाही, आणि उगवलंच तर मेंढ्या त्याला मोठं होऊ देत नाहीत. त्यामुळे रिएका शहरातून रॉक गाणारी पोरं गाण्याचं चित्रीकरण करायला कॅमेरा घेऊन आली, तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "इथे काय आहे टिपण्यासारखं?"

"काकू, इथे काहीच नाही, म्हणून तर आलो," त्यांचा दिग्दर्शक म्हणाला. त्याचे केस माझ्या केसांपेक्षा लांब होते आणि धुतलेले तर मुळीच नव्हते. माझ्या दारात तो चीज घ्यायला उभा होता. तेवढ्यात माझा नवरा लोव्रे सुताराकडून परत आला. माझ्या लग्नातल्या कपाटाचं दार त्याने पाठीला बांधलं होतं, आणि त्या दाराला पुरुषभर उंचीचा आरसा. मागून बघाल तर माणूस दिसतच नव्हता. ढग आणि समुद्र भरलेला आभाळाचा एक तुकडा दोन पायांवर चालला होता.

पोराच्या हातातलं चीज खाली पडलं. माझं चीज! मी बोलणार, तर तो लोव्रेच्या मागे धावत सुटला.

"काका, परत एकदा चालाल? असंच, त्या टेकडीवरून?"

"चालतो की," लोव्रे म्हणाला. "नाचायला नाही ना सांगणार?"

दिवसभर त्याला चालवलं मेल्यांनी. त्यांचा गायक लाल कोट घालून आरशामागून गात चालला, आणि आरशातल्या आभाळात तो लाल कोट जाळासारखा दिसायचा. पांढरे दगड, काळ्या पँटमधले लोव्रेचे पाय, आणि मधोमध ते लाल. मला त्यातलं काही कळत नाही, पण नजर हटत नव्हती, हे खरं. मी भाकरी घेऊन गेले होते. सासू पेरिनाही आली होती, तिच्या मुलाचं कुणी हसं करत नाही ना, हे बघायला. आम्ही दोघी कॅमेऱ्यामागे उभ्या होतो. संध्याकाळी बुरा सुटला. आमचा हा उत्तरेचा वारा माणसाच्या तोंडातला शब्द बाहेर पडायच्या आत पळवतो. टेकडीच्या टोकावर लोव्रे थांबला, वळला आणि आमच्याकडे बघून काहीतरी बोलला.

"काऽय?" मी ओरडले.

त्याने हात झटकला आणि पुढे गेला. घरी आल्यावर विचारायचं राहिलं. असलं कोण लक्षात ठेवतं? म्हटलं, जेवणाचं विचारत असेल.

त्या हिवाळ्यात मेंढ्यांच्या गोठ्यात त्याची छाती दुखली, आणि तो तिथेच गेला. सासूने रेडिओ कोनाड्यात उलटा ठेवला आणि टीव्हीवर काळं कापड घातलं. सुतकाच्या घरात वर्षभर गाणं वाजत नाही, ही आमची रीत. घरात त्याचा एक लग्नाचा फोटो, त्यात काठी गिळल्यासारखा उभा. तो चालायचा कसा, एक खांदा पाडून, ते त्या फोटोत कुठून दिसणार?

मग एका रविवारी सूप वाडग्यांत वाढलं होतं, आणि शेजारीण फ्रांका भिंतीवरून किंचाळली, "अगं मान्दे! तुझा लोव्रे टीव्हीवर आलाय! आरसा घेऊन चाललाय! पुढच्या रविवारीपण दाखवणार आहेत. माझ्याकडे ये बघायला!"

"तुझ्याकडे? माझा नवरा बघायला मी तुझ्या घरी येऊ?" मी म्हटलं.

सासूने चमचा खाली ठेवला. "या घरात गाणं लागणार नाही."

"मग नकोच लावू या गाणं."

"म्हणजे?"

"सासूबाई, गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजवत नाहीत. पण डोळे मिटून बसायला सांगतात का कुणी? सुतक कानांचं असतं. चित्राचं काय?"

म्हातारीने चमचा उचलून सूप ढवळलं. मग म्हणाली, "आवाजाचं बटण आधी फिरव. मग कापड काढ."

पुढच्या रविवारी तसंच केलं. गायक तोंड उघडत होता, मिटत होता, पाण्यातल्या माशासारखा. घरात फक्त बाहेरच्या मेंढ्यांचा आवाज. आणि मग लोव्रे आला, खांदा पाडून, आभाळ पाठीवर घेऊन. सासूने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. टेकडीच्या टोकावर तो वळला. ओठ मिटले, उघडले.

"माय म्हणाला!" सासू ओरडली. "मला हाक मारली!"

"मान्दे म्हणाला. जीभ दिसली नाही दाताला लागलेली?"

"बायकोला कोण हाक मारतं अशी, आई शेजारी उभी असताना?"

"बायको भाकरी घेऊन उभी असेल तर मारतात!"

गाणं लोकप्रिय झालं होतं, त्यामुळे रविवारामागून रविवार ते लागत राहिलं. आम्ही दोघी काळे रुमाल बांधून टीव्हीला नाक लावून बसायचो. ज्या म्हातारीने काळं कापड घातलं, तीच आता सूप निवलं तरी उठायची नाही. फ्रांका सांगायची, तिथे तो गाण्याचाच शेवटचा शब्द म्हणतोय, सगळ्यांना असंच वाटतं. वाटू दे. सगळे आवाज लावून बघत होते, त्यांना काय दिसणार?

सुतक फिटलं तरी आमचं ठरलं नाही. गाणं यायचं बंद झालं, तरीही भांडण चालूच. मेंढीची धार काढताना, मुरत ठेवलेलं चीज उलटवताना, मध्येच ती म्हणायची, "माय." मी म्हणायचे, "मान्दे." दुसरं काही बोलायची गरजच नव्हती.

बऱ्याच वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी मी तिची उशी सारखी करत होते, तर तिने विचारलं, "खरं सांग गं. काय म्हणाला तो?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. "माय म्हणाला," मी म्हटलं.

मला वाटलं, आता रडेल. कसली रडते! "मला माहीतच होतं," म्हणाली, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, पाद्रीबाबांनासुद्धा, सांगत सुटली की सूनबाईने शेवटी हार मानली. फ्रांकाला तर दोनदा सांगितलं. मी दात आवळून कॉफी देत राहिले.

सासू गेल्यावर फ्रांकाच्या नातीने ते गाणं फोनवर शोधून दिलं. आवाज सुरू होता, तो मी आधी बंद करायला लावला. नात म्हणते, "आजी, निदान गाणं तरी ऐक एकदा." मला नाही ऐकायचं. मला तो चालताना बघायचाय.

टेकडीच्या टोकावर लोव्रे वळतो आणि स्पष्ट म्हणतो, मान्दे. शंकाच नाही. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते. 'नाही, माय म्हणाला' असं आता कुणीच म्हणत नाही, आणि त्यात काही मजा राहिलेली नाही.