विहीणबाईची ओटी

लग्नात दिलेला फ्रिज छोट्या हत्ती टेम्पोवर उभा बांधून माहेरी परत आला, आणि तोही ऐन बाजाराच्या दिवशी. रोहिणखेडच्या स्टँडवर गाडीवाल्यानं मुद्दाम गाडी थांबवली आणि मोठ्यानं विचारलं, "उकंडरावचं घर कोन्तं हो? त्याइच्या पोरीच्या सासरहून फ्रिज वापस आला." वांगी निवडणाऱ्या बायकांनी वांगी सोडून माना वळवल्या. फ्रिज दारात पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

उकंडरावची बायको आशाबाई उंबऱ्यातच उभी होती. गाडीवाल्यानं निरोप शब्द न् शब्द सांगितला, कारण तसाच सांगायची त्याला ताकीद होती. "जनकाबाई म्हने, गळका फ्रिज तुमचा तुमाले. रोज सकाळी घरात पानीच पानी. पोरगीच पांढऱ्या पायाची, तं तिच्यासंग आलेलं सामान कसं धड राहीन?"

जनकाबाई म्हणजे आशाबाईच्या छकुलीची सासू, धामणगाव बढ्याची. छकुली नांदायला गेल्यापासून त्या घरात काहीही बिघडलं की बोट तिच्याकडेच. म्हैस आटली, छकुलीमुळं. बोअरची मोटर जळली, छकुलीमुळं. जावई गजेंद्र मनाचा बरा, पण आईपुढं त्याची दातखीळ बसायची. आशाबाईनं आजवर सगळं गिळलं होतं. चार भिंतींतलं बोलणं चार भिंतींत जिरतं, असं ती मनाला समजावत आली होती. आज त्या बाईनं तेच बोलणं गाडीचं भाडं भरून चव्हाट्यावर आणलं होतं. पांढऱ्या पायाची हा शिक्का एकदा बसला की बाईला कोणी लग्नात हळद लावू देत नाही, बारशाला पाळण्याजवळ उभी करत नाही. छकुली अजून पंचविशीचीही नव्हती.

"जाऊ दे वं," उकंडराव म्हणाला. नवरा तसा गायच. "फ्रिज दुरुस्त करू अन् गुमान धाडून देऊ."

"गुमान?" आशाबाई कडाडली. "तिनं माह्या पोरीले भर बाजारात नाव ठेवलं. मी तिले भर बायकाइत खाली पाहाले लावतो. नाही लावलं तं नावाची आशा नाही."

उकंडरावानं टोपी उचलली आणि शेताची वाट धरली.

स्टँडजवळ अश्वजितचं जळालेल्या मोटरीत तांब्याची तार भरायचं दुकान होतं. तो कूलर, फ्रिज, पंपही बघायचा. आशाबाईनं त्याला बोलावलं आणि आधीच सांगून ठेवलं, "नुसता दुरुस्त नाही करायचा भाऊ. काऊन गळते ते मले दाखवायचं."

अश्वजितनं दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि ओढून पाहिला. कपटा घट्ट होता, रबर धड होतं. फ्रिज पुढं कलला असेल म्हणून वाटीभर पाणी वर ठेवून पाहिलं, तर तोही सरळ उभा होता. मागं मशीनजवळची पाण्याची थाळी काढली. तिथं तो थांबला.

"ताई, ही थाळी कोरडी ठाक हाय. बर्फाचं पानी मागच्या नळीतून हिच्यात याले पायजे, अन् इथंच मशीनच्या गरमीनं वाळून जाले पायजे. इथं येत नाही, म्हनूनच तं पुढून दारातून येते."

आतल्या भिंतीच्या तळाशी बोटभर छिद्र होतं. त्यानं पातळ वायर घातली. वायर थोडी गेली आणि अडली. मग कोमट पाणी सोडलं, पुन्हा वायर फिरवली, पुन्हा पाणी. शेवटी खालून गुळगुळ आवाज झाला आणि थाळीत एक लगदा पडला. फुगलेले, आंबलेले तांदूळ, त्यांना लाल रंग, आणि मध्ये झेंडूची एक काळी पडलेली पाकळी.

अश्वजित हसायला लागला. "फ्रिजनं भात खाल्ला का काय वं ताई?"

आशाबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं दसरा उभा राहिला. जनकाबाई दसऱ्याला घरातल्या विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा करायची. त्या ताटावर ती सुनेची सावलीही पडू देत नसे. दिवाळीला छकुली रडत हेच सांगून गेली होती, की पूजेच्या ताटाला हात लावला म्हणून सासूनं ताट पुन्हा धुतलं. म्हणजे या अक्षता त्या बाईच्याच मुठीतल्या. फ्रिजचं दार उघडून तिनं हळदकुंकू वाहिलं, अक्षता आत भिरकावल्या आणि पाण्यानं त्या नळीत जाऊन बसल्या. देवाच्या म्हणून कोणी झाडल्याही नाहीत. दसऱ्यानंतरच गळायला लागला होता फ्रिज!

आशाबाईला इतका आनंद झाला की तेवढा लेकीचं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता. "भाऊ, एकही दाना फेकू नोको," ती म्हणाली आणि स्टीलचा डबा घेऊन आली.

तांदूळ तिनं माळवदावर वाळत घातले, कावळ्यांपासून राखले. फ्रिज चालू करून जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडाच राहिला. तरी तिनं फ्रिज धाडला नाही आणि छकुलीलाही कळवलं नाही. पोरगी भोळी, सासूपुढं बोलून बसली असती. आशाबाई संक्रांतीची वाट पाहत राहिली. जात्यावर, चुलीपुढं, निंदताना ती एकच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवायची आणि दर वेळी त्यात नवीन बायका जमवायची.

संक्रांतीनंतर जनकाबाईच्या घरी हळदीकुंकू होतं. सारी आळी जमली होती. दारात छोटा हत्ती थांबला, गाडीवाला तोच. पुढून आशाबाई उतरली, इरकली लुगडं नेसून, नथ घालून. मागून चार गड्यांनी फ्रिज उतरवला.

"हे काय वो इहीनबाई?" जनकाबाई म्हणाली. तिच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली.

"तुमचा फ्रिज. लाव बाई छकुली, वायर लाव. कागद अंथर खाली, साऱ्याइले पाहू दे." मग आशाबाई गोड हसली. "अन् इहीनबाई, मी काही रिकाम्या हातानं नाही आली. पदर करा, ओटी भरतो."

ओटीला कोणी नाही म्हणत नाही. जनकाबाईनं पदर पसरला. आशाबाईनं खण ठेवला, नारळ ठेवला आणि डबा उघडून ते काळे-लाल, आंबूस वासाचे तांदूळ ओंजळ भरून तिच्या पदरात घातले.

"हे कायचे तांदूळ?"

"तुमचेच. दसऱ्याले फ्रिजमंधी टाकलेल्या अक्षता. त्या नळीत फुगल्या, म्हनून पानी गळे. म्यां एकही दाना गमावला नाही." आशाबाई बायकांकडे वळली. "इच्या पूजेच्या ताटाले दुसऱ्या कोनाचा हात लागते का वो?"

"नाही बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "माह्यासमोरच मूठ भरून टाकल्या होत्या अक्षता."

"मंग आता सांगा इहीनबाई. पाय कोनाचा अन् हात कोनाचा?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग साऱ्या आळीनं तोंडाला पदर लावला. भरलेली ओटी खाली टाकता येत नाही. जनकाबाई ते घाण तांदूळ पदरात धरून आपल्याच दिवाणखान्यात उभी राहिली आणि खरोखरच खाली पाहत राहिली. आशाबाईचं काळीज निवलं. तिनं तिळगूळ मागून घेतला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला.

छकुली पुढं झाली. फ्रिजच्या मुठीला दोऱ्यानं चावी बांधलेली होती. तिनं दोरा तोडला, फ्रिजला कुलूप घातलं आणि चावी पिनेनं मंगळसूत्रात अडकवली. मग ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, चहा ठेवा. पाव्हन्या बसल्या हायत."

आणि जनकाबाई चहा ठेवायला गेली.

पुढं फोनवरून बातम्या येत राहिल्या, आणि आशाबाई त्या साऱ्या रोहिणखेडला वाटत राहिली. जनकाबाईला आता आळीत कोणी हळद फोडायला बोलवत नाही. तिच्या हातच्या अक्षता नवरदेवावर नकोत म्हणे. सगळं छकुलीलाच विचारतात. "बराबर झालं," आशाबाई म्हणायची. "अजून व्हाले पायजे."

वैशाखात ती लेकीकडे गेली. ऊन असं की ओट्याच्या फरशीवर पाय टेकवत नव्हता. थोड्या वेळानं जनकाबाई शेतातून आली. तोंड सुकलेलं, ओठांना पापुद्रे. ती भिंतीला टेकली आणि हलकेच म्हणाली, "सूनबाई, थंडं पानी दे वं."

"माठात हाय," छकुली आतून म्हणाली.

"माठातलं गरम झालं बाई."

"फ्रिज माह्या मायच्या घरचा हाय आत्याबाई. गळका. तुमाले कायले पायजे?"

आशाबाईला वाटलं, उठून पोरीची अलाबला काढावी. जनकाबाई माठाकडे गेली आणि तिथंच खाली बसून राहिली. तिनं पेला भरून तोंडाला लावला, पाणी अर्धं लुगड्यावर सांडलं. आशाबाई ते पाहत होती. आधी बरं वाटलं. मग पाहवेना. शेवटी पाहायचं टाळण्यासाठीच ती उठून आत गेली.

"मले दे वं एक बाटली," ती लेकीला म्हणाली.

"कोनासाठी?"

"मलेच. ताहान लागली."

छकुलीनं मंगळसूत्रातली चावी मुठीत धरली. "माठातलंच पी, आई. तुले दिलं तं तू त्याइले देशीन."

"अवं, पन फ्रिज म्यां देला तुले."

"त्याइले म्हनतो, मायच्या घरचा हाय. तुले काऊन खोटं सांगू?" छकुली शांतपणे म्हणाली. सासूसारखीच, मान जरा तिरपी करून. "फ्रिज माहा हाय."

 आता आशाबाईच्या घशाला खरोखर कोरड पडली होती. ती बाहेर आली आणि माठाकडे वळली, तेव्हा जनकाबाईनं थोडं सरकून तिला सावलीत जागा करून दिली.