संत्र्याच्या पानावरची माय

सूक्ष्मदर्शक घरी न्यायची परवानगी आमच्या वर्गात फक्त मला मिळाली. का नाही मिळणार? वासनिक बाईंनी "विज्ञान प्रदर्शनात कोण बोलेल?" असं विचारलं आणि त्यांचं वाक्य संपायच्या आधीच माझा हात वर! हीच मी आधी फळ्याजवळ गेले की लटपटायचे, हे आता कोणाला खरंही वाटत नाही.

विषय अंगणातलाच. हुडकेश्वरच्या आमच्या संत्र्याच्या झाडाला खवले कीड लागली आहे. पानावर तपकिरी ठिपके दिसतात, तीच ती. सुईनं वरचा खवला उचलला की खाली मादी. तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, पंख नाहीत. केसाहून बारीक सोंड पानात रुतवून जन्मभर एका जागी बसलेली.

पण एक मादी वेगळी निघाली. फुगलेली, कातडी काचेसारखी, आणि आत कोणीतरी! दोन लाल डोळे, पोटाशी दुमडलेले पाय.

"ताई, ये लवकर! हिच्या पोटात बाळ आहे!"

प्रेमिलाताई बाळंतपणाला माहेरी आली आहे. भाऊजी खापरखेड्याला पॉवरहाऊसात असतात. पहिलं बाळ जन्मण्याआधीच गेलं, तेव्हापासून ताई हसायचीसुद्धा भीत भीत. त्या दिवशी मात्र एक डोळा मिटून नळीला चिकटली ती हटेचना.

"हललं वं! पाय हलवून राहिलं!"

मग रोज सकाळी तेच. "आपलं बाळ कसं आहे, पाह्य बरं." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "किड्याचं बारसं करा आता दोघी! इथं वरण करपून राहिलं!" मी तर तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहूनही टाकलं, 'मातेच्या पोटातील बाळ'.

परवा ते पान आणि तक्ता शाळेत नेला. बाईंनी शाळेच्या दुसऱ्या सूक्ष्मदर्शकातून नीट पाहिलं.

"हे हिचं बाळ नाही गं," त्या म्हणाल्या. "गांधीलमाशीच्या जातीची इवलीशी माशी आहे. तिची आई हिच्या अंगात अंडं घालून गेली. आतलं पिल्लू हिला खाऊन वाढलं. मादी कधीच मेली, ही नुसती कातडी उरली."

मागच्या बाकावरून पुष्पलता म्हणाली, "वा गं माता!" सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले. पण घरी ताईला काय सांगायचं, त्यापुढं ते काहीच नव्हतं.

घरी ताई दारातच उभी. "बाईनं पाह्यलं? काय म्हणे?"

"मस्त आहे म्हणे," मी म्हटलं. न अडखळता! भाषणाची सवय ना.

आज सकाळी ताईची हाक आली. कातडीला गोल भोक पाडून माशी बाहेर आली होती आणि पारदर्शक पंख झटकत होती.

"निघालं वं, निघालं!" ताईच्या डोळ्यांत पाणी. पुन्हा वाकली. बराच वेळ बघत राहिली. "अन् माय काहून हलत नाही?"

थकली असेल, झोपली असेल, किती वाक्यं तयार होती माझ्याकडे. पण ताईनं एक हात स्वतःच्या पोटावर ठेवला होता. मी बाई म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

तिनं नळीवरून डोळा काढला. "तुले कधी समजलं हे?"

"परवा."

"अन् मले मस्त आहे म्हणाली तू."

मी सूक्ष्मदर्शकाची नळी उगाच वरखाली करू लागले.

"मागच्या वक्ती नर्सही तेच म्हणे," ती म्हणाली. "रोज. मस्त आहे, मस्त आहे. सारे जण मले तेच सांगत होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पान काचेवरून अलगद उचललं, खिडकीत ठेवलं आणि माशी उडून जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

"उद्या दवाखान्यात तू चाल माह्यासंगं," माझ्याकडे न वळताच ती म्हणाली. "डॉक्टरीण जे म्हणन, ते जसंच्या तसं मले सांगजो. वाईट असलं तरी. आज सांगितलं तसं."

इतक्या सगळ्यांतून तिनं मलाच निवडलं होतं. मी "हो" म्हटलं, पण तिच्याकडे बघून म्हणता आलं नाही.