पिल्लांची शेगडी

पहाटेपासून वीज नव्हती. धुकं इतकं दाट, की नामक्कलच्या रस्त्यावर अंड्यांचे ट्रकही दिवे लावून चालले होते. नाचम्माळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली आणि खाटेखालची कोळशाची शेगडी उचलू लागली.

"अत्तै, राहू द्या ना," पूंगोडी सासूला म्हणाली. "पोरीचे पाय गार पडलेत."

"पोरीला आई आहे. शेडमधल्या कोंबडीच्या पिल्लांना कोण आहे? थंडीनं एकमेकांच्या अंगावर चढून चेंगरतायत." जाता जाता म्हातारीने पूंगोडीच्या अंगावरचं कांबळंही ओढून घेतलं. "मुलगीच तर झालीय. तिचं काय एवढं!"

पूंगोडीने लेकीला उघड्या छातीशी धरून वरून पदर गुंडाळला. पोरीचे ओठ काळसर पडले होते. रडायचीही ताकद नव्हती.

थोड्या वेळाने शेडमधून हाक आली. "मी कोळसा आणायला चाललेय. इथं येऊन बस. धूर जायला वरचा पडदा वीतभर उघडा ठेवलाय, त्याला हात लावू नकोस."

शेडमध्ये छान ऊब होती. पत्र्याच्या गोल कुंपणात, भाताच्या तुसावर पिल्लं आता सगळीकडे सारखी पांगली होती. काही दाणे टिपत होती, काही गुळाचं पाणी पीत होती. कुंपणावर कांबळं अंथरलेलं. पूंगोडी शेगडीशेजारी टेकली. हळूहळू पोरीच्या गालांवर रंग आला, ती दूध ओढू लागली. तेव्हा कुठे पूंगोडीला राग आला.

ती उठली. पडदा खाली ओढून तिने दोरीने घट्ट बांधला. कोपऱ्यात पडलेले ओले कोळसे शेगडीत रचले, पोरीला घेऊन बाहेर आली, दार ओढून लावलं आणि पायरीवर बसून राहिली. आतली चिवचिव आधी वाढली, मग विरळ झाली. ती थांबेपर्यंत पूंगोडी पोरीला थोपटत होती.

म्हातारीने परत येऊन दार उघडलं आणि तिच्या हातातली पाटी गळून पडली.

"पडदा... मी उघडा ठेवला होता ना गं?"

"नाही अत्तै. तुम्हीच बांधून गेलात. पोरीला धूर लागला म्हणून मी बाहेर बसले."

नाचम्माळ आपल्याच हातांकडे बघत राहिली.

दुपारी पूंगोडीचा नवरा मारप्पन आला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा तो आईवर ओरडला. "मेंदू सडलाय तुझा! यापुढं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही!" खड्डा खणून मेलेल्या पिल्लांच्या पाट्या उपड्या करताना म्हातारी एकदम वाकली.

"हे जिवंत आहे! बघ, मान हलवतंय." पिल्लू तिने उराशी धरलं.

पूंगोडीने ते तिच्या बोटांतून सोडवून घेतलं, खड्ड्यात टाकलं आणि पायाने माती लोटली. मग हात धुऊन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "चला अत्तै, दोन घास खाऊन घ्या."