दुसरी बरणी

“मामा, दुसरी बरणी लावल्याशिवाय मी काही बोलणार नाही,” भौतिकशास्त्राचे पारस सर म्हणाले.

भिमाजीनं हातातली वही मिटली. पिंपळवंडीजवळच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई; परीक्षानळ्या धुण्यात सव्वीस वर्षं गेली. सूर्याच्या पोटातली अणूंची आग साध्या बरणीत, थंड पाण्यातसुद्धा पेटते, असं त्यानं १९८९ साली एका मासिकात वाचलं. पुढं जगानं ते खोटं ठरवलं. भिमाजीच्या डोक्यातून मात्र ते जाईना.

घरीच करून बघायचं ठरवलं, पण रीत निवडण्यातच वर्ष गेलं. पॅलेडियम धातू आणि जड पाणी त्याला कोण देणार? हायड्रोजनच्या टाकीचं नाव काढताच बायको, कुशाबाई, कडाडली, “घर उडवायचंय व्हय?” उरली गरिबाची रीत : निकेलची तार, साधं पाणी, त्यात थोडा क्षार आणि बॅटरी. दिलेल्या विजेनं पाणी सात अंशांनी तापावं, असा त्याचा हिशेब. तापत होतं दहानं. चार महिने, रोज दहा.

गावभर बोभाटा झाला. तरुण मंडळानं रविवारी त्याचा सत्कार ठरवला.

“दुसऱ्या बरणीत काय घालू, सर?”

“सगळं तेच. फक्त निकेलऐवजी हीटरची तार. वीज तेवढीच. ती बरणी सातावर थांबली, तर तुमचं खरं.”

“आन् न्हाई थांबली तर?”

सरांनी कपाटातून हीटरची तार काढून त्याच्या हातात ठेवली.

सत्कार उरकून मग बरणी लावली असती, तर कोणी विचारणार नव्हतं. पण भिमाजीनं शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळीच ओट्यावर दोन बरण्या शेजारी शेजारी मांडल्या. दुपारपर्यंत तो जेवायलाही उठला नाही. अखेर कुशाबाईच जवळ आली.

“काय म्हनतीय नवी बरनी?”

“साडेधा.”

“आन् आपली?”

“धाच.” त्यानं तापमापी पुसली. “साध्या तारेचीच जास्त तापली. माझा हिशेबच चुकीचा व्हता गं. आग-बिग काय नव्हतीच.”

कुशाबाईला बरण्यांतलं काही कळत नव्हतं, नवऱ्याचं तोंड मात्र कळत होतं. तिनं ताट वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

संध्याकाळी तो मंडळाच्या गेणूकडं गेला. सगळं ऐकून गेणू वैतागला. “पत्रिका वाटून झाल्यात, राव! गावात कुनाला काय कळतंय त्यातलं?”

“मला कळलंय ना, भाऊ.”

रविवारी मंडळानं त्याच मांडवात कबड्डीच्या पोरींचा सत्कार केला. भिमाजी धुतलेला सदरा घालून शेवटच्या रांगेत बसला होता. एकेका पोरीचं नाव पुकारलं जाई आणि तो टाळ्या वाजवी. क्षाराच्या पाण्यानं त्याचे तळवे तडकले होते. प्रत्येक टाळीला झोंबत होते. शेवटच्या पोरीपर्यंत तो वाजवत राहिला.